परदेशात स्पीच थेरपीचं मास्टर्स: नाशिकमधून तयारी करताना कोणतं काम कधी करायचं

स्पीच थेरपीत परदेशी मास्टर्स करू पाहणाऱ्यांचं वर्ष वाया जातं ते बहुधा आळसामुळे नाही, उलट्या क्रमामुळे. आधी आयईएल्ट्सचा क्लास, मग कॉलेज रोडवरचा कन्सल्टंट, मग देश, मग विद्यापीठ, आणि ‘हा कोर्स करून तिथे पेशंट बघता येतील का?’ हा प्रश्न फी भरून झाल्यावर. खरं तर सुरुवात या प्रश्नापासून करायची आणि बाकी सगळं त्याच्या मागून येऊ द्यायचं.

खाली ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू होतील असं धरून टप्पे दिले आहेत. पहिल्या टप्प्याला त्याआधी किमान अठरा महिने हात घाला. बीएएसएलपी (वाचा आणि श्रवणदोषांवरच्या उपचारांची आपल्याकडची पदवी) झालेलं नसेल तर आणखी एक वर्ष धरा.

## टप्पा १: आधी परवाना, मग देश

स्पीच थेरपी, म्हणजेच स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी, हा पेशंटवर उपचार करण्याचा व्यवसाय आहे. पदवी विद्यापीठ देतं, पण काम करण्याची परवानगी वेगळीच संस्था देते. त्या संस्थेच्या यादीत नसलेला कोर्स कितीही नामवंत विद्यापीठाचा असला तरी क्लिनिकच्या दारापर्यंतच नेतो.

अमेरिका. कोर्सला सीएए या संस्थेची मान्यता हवी. ही संस्था ‘ॲशा’ या अमेरिकन व्यावसायिक संघटनेच्या छत्राखाली चालते. मान्य कोर्स ॲशाच्या एडफाइंड या शोधसाधनात सापडतात. मास्टर्स साधारण दोन वर्षांचं. पुढे सीसीसी-एसएलपी हे प्रमाणपत्र आणि ज्या राज्यात काम करायचं त्या राज्याचा परवाना, अशा दोन वेगळ्या गोष्टी मिळवाव्या लागतात.

ब्रिटन. ‘स्पीच अँड लँग्वेज थेरपिस्ट’ हे नाव तिथे कायद्याने राखीव आहे; एचसीपीसी या आरोग्य व्यावसायिकांच्या नियामक संस्थेकडे नोंदणी असल्याशिवाय ते लावता येत नाही. मान्य कोर्सची यादी एचसीपीसीच्या संकेतस्थळावर आहे.

ऑस्ट्रेलिया. स्पीच पॅथॉलॉजी ऑस्ट्रेलिया ही संघटना कोर्सना मान्यता देते. मेलबर्न, सिडनी, ला ट्रोब, मॅक्वायरी, फ्लिंडर्स अशा विद्यापीठांत दोन वर्षांचं मास्टर्स आहे.

आयर्लंड आणि न्यूझीलंड हे छोटे पण विचारात घेण्याजोगे पर्याय आहेत. आयर्लंडमध्ये नोंदणी ‘कोरू’ या नियामक संस्थेकडे होते. कॅनडात जागा फार थोड्या आहेत, आणि बऱ्याच कोर्समध्ये नागरिक व कायम रहिवासी यांनाच प्राधान्य असतं. विभागाला ईमेल करून ‘परदेशी विद्यार्थी घेता का?’ एवढं एका ओळीत विचारा. उत्तर ‘नाही’ आलं तर महिनाभराचं काम वाचलं.

> इशारा: ब्रिटनमध्ये एक वर्षाचे ‘लँग्वेज सायन्सेस’ किंवा भाषा-संवादाशी संबंधित नावाचे एमएससी कोर्स भरपूर आहेत. त्यांत प्रवेश सोपा, फी तुलनेने कमी, कालावधी अर्धा. संशोधनासाठी ते उत्तम. नोंदणी मात्र त्यातून मिळत नाही. कोर्सच्या पानावर ‘प्री-रजिस्ट्रेशन’ हा शब्द आणि एचसीपीसीच्या यादीत त्याच कोर्सचं नाव, दोन्ही दिसलं पाहिजे.

> इशारा: अमेरिकेत मान्यता असलेले पूर्ण ऑनलाइन मास्टर्सही आहेत. त्यांवर एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा मिळत नाही. ‘घरी बसून अमेरिकन पदवी, मग तिकडे नोकरी’ अशी जाहिरात दिसली की क्लिनिकल प्रॅक्टिकम (पेशंटबरोबरचं प्रशिक्षण) कुठे आणि कोणाच्या देखरेखीखाली होणार, एवढंच विचारा.

पीएचडीचा घोळही इथेच सोडवून टाका. अमेरिकेत पीएचडीला फी-माफी आणि स्टायपेंड मिळण्याची शक्यता मास्टर्सपेक्षा बरीच जास्त असते, म्हणून काही जण थेट तिकडे वळतात. नुसत्या संशोधनाच्या पीएचडीने क्लिनिकल प्रमाणपत्र मिळत नाही. शिकवायचं-संशोधन करायचं असेल तर जरूर जा. पेशंट बघायचे असतील तर क्लिनिकल मास्टर्सला पर्याय नाही.

## टप्पा २: आपण कुठून निघतोय ते पाहा

बीएएसएलपी झालेलं असेल तर निम्मी वाट झाली. इंटर्नशिप धरून चार वर्षांची पदवी असल्यामुळे अमेरिकेत ‘तीन वर्षांची पदवी चालेल का’ हा वाद उद्भवत नाही. तरीही ॲशाच्या प्रमाणपत्रासाठी जीवशास्त्र, भौतिक किंवा रसायनशास्त्र, संख्याशास्त्र आणि सामाजिक किंवा वर्तनशास्त्र असे चार मूलभूत विषय ट्रान्सक्रिप्टवर दिसावे लागतात. अडतं ते संख्याशास्त्रापाशी. आपल्याकडे ते संशोधनपद्धतीच्या पेपरातला एक भाग म्हणून येतं, आणि तिथे स्वतंत्र विषय हवा असतो. सिलॅबसची प्रत विभागाला पाठवून आधीच विचारा. कमी पडत असेल तर मान्यताप्राप्त विद्यापीठाचा एखादा ऑनलाइन कोर्स जाण्यापूर्वी करता येतो.

मानसशास्त्र, भाषाशास्त्र, बीएस्सी, नर्सिंग अशी दुसरी पदवी असेल तर अमेरिकेत आधी पूर्वतयारीचे विषय करावे लागतात: वाचा आणि श्रवणसंस्थेची शरीररचना, ध्वनिविज्ञान, भाषाविकास, प्राथमिक ऑडिऑलॉजी, स्पीच सायन्स, बऱ्याच ठिकाणी मेंदूविज्ञानही. हे नाशिकला बसून ऑनलाइन करता येतात. युटा स्टेट युनिव्हर्सिटीसारखी विद्यापीठं ते चालवतात. मात्र ज्या कॉलेजांना अर्ज करायचा त्यांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवून मगच फी भरा, कारण प्रत्येकाची यादी थोडी वेगळी असते. ब्रिटन-ऑस्ट्रेलियाची दोन वर्षांची मास्टर्स बहुतेक दुसऱ्या शाखेतून येणाऱ्यांना गृहीत धरूनच आखलेली असतात, म्हणून अशा विद्यार्थ्यांना तो रस्ता जवळचा पडतो.

तासांचा हिशोब. ॲशाच्या प्रमाणपत्राला ४०० क्लिनिकल तास लागतात: २५ निरीक्षणाचे, ३७५ प्रत्यक्ष पेशंटबरोबरचे. यांतले किमान ३२५ मान्य मास्टर्स करत असतानाच व्हावे लागतात. उरलेले ७५ आधीचे चालतात हे खरं, पण देखरेख करणारी व्यक्ती ॲशा-प्रमाणित असेल तरच. आपल्याकडचे बहुतेक सुपरवायझर आरसीआय (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नोंदणीकृत असतात, ॲशा-प्रमाणित नसतात. तेव्हा इथले इंटर्नशिपचे तास प्रवेशाच्या वेळी वजन वाढवतील, ४०० मध्ये मोजले जातीलच असं नाही. तरीही लॉगबुक नीट ठेवा: तारीख, वयोगट, निदान, केलेलं काम, मिनिटं आणि त्याच आठवड्यात घेतलेली सही. सहा महिन्यांनी एकाच पेनाने घेतलेल्या सह्या बघणाऱ्याला लगेच कळतात.

> तपासून घ्या: चार विषय, पूर्वतयारीचे विषय आणि तास असा तीन रकान्यांचा तक्ता प्रत्येक विद्यापीठासाठी वेगळा भरा. सहा ते आठ नावांपलीकडे जाऊ नका. वर्ग लहान असतात. वीस ठिकाणी पाठवलेल्या एकसारख्या अर्जांपेक्षा सहा नीट अर्ज जास्त उपयोगी पडतात.

## टप्पा ३: ट्रान्सक्रिप्ट आणि नावाचा गुंता

हे काम कंटाळवाणं आहे आणि सर्वांत जास्त अर्ज इथेच रखडतात.

बीएएसएलपी महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असेल तर विद्यापीठ आपल्याच गावात आहे, दिंडोरी रोडला म्हसरूळला. मुंबईच्या कॉलेजात शिकलेल्यांनाही शेवटी इथेच यावं लागतं, त्यामुळे नाशिककरांना पाठपुरावा करणं सोपं. पदवी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची असेल तर ट्रान्सक्रिप्ट पुण्याहून. अभिमत विद्यापीठाची असेल तर त्यांच्याकडूनच.

अमेरिकेसाठी क्रम असा ठेवा:

१. डब्ल्यूईएससारख्या मूल्यमापन संस्थेत (आपली पदवी अमेरिकन पद्धतीत कशी बसते ते सांगणाऱ्या) खातं उघडा. ‘कोर्स-बाय-कोर्स’ अहवाल निवडा. नुसता ‘डॉक्युमेंट-बाय-डॉक्युमेंट’ घेतला तर पुन्हा पैसे भरावे लागतात.
२. मिळालेला संदर्भ क्रमांक आणि विद्यापीठाने भरायचा फॉर्म हातात घ्या.
३. मग विद्यापीठात ट्रान्सक्रिप्टचा अर्ज करा आणि तो फॉर्म सोबत जोडा.
४. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडूनच संस्थेला गेलं पाहिजे.

बरेच जण आधी ट्रान्सक्रिप्ट काढतात आणि मग खातं उघडतात. संदर्भ क्रमांक नसलेलं पाकीट तिकडे पोहोचतं आणि कोणाचं ते न कळल्यामुळे पडून राहतं. शिक्का मारलेलं पाकीट ‘आत काय आहे ते बघू’ म्हणून घरी उघडलं तर ते बाद. स्वतःसाठी वेगळी प्रत मागून घ्या.

आता नाव. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, शेवटी आईचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि ‘दिलेलं नाव’ या रकान्यात कधी स्वतःचं आणि वडिलांचं दोन्ही, कधी एकच. लग्न झालेल्या मुलींच्या बाबतीत मार्कशीट माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या. नियम एकच: परीक्षेची नोंदणी, मूल्यमापन, अर्ज, बँक सगळीकडे पासपोर्टप्रमाणे नाव, अक्षर न् अक्षर. मार्कशीटशी फरक असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद आधीच तयार ठेवा. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर अर्ज करण्यापूर्वीच पासपोर्ट दुरुस्त करून घ्या. नंतर आय-२० (व्हिसासाठी अमेरिकन विद्यापीठ देतं तो फॉर्म), व्हिसा आणि तिकडचं बँक खातं अशा तीन ठिकाणी तीन नावं लागलेली सापडतात.

> इशारा: टक्केवारीचं जीपीए स्वतः करून लिहू नका. ऑनलाइन कॅल्क्युलेटर ६५ टक्क्यांचा अर्थ वेगळा लावतात, मूल्यमापन संस्था वेगळा. अर्जात मूळ गुण आणि अहवालातला आकडा, बस.

## टप्पा ४: इंग्रजीची परीक्षा

आयईएल्ट्स किंवा टोफेलचे गुण दोन वर्षं चालतात, त्यामुळे फार लवकर देऊन उपयोग नाही. अर्जाच्या तीन-चार महिने आधी परीक्षा द्या, म्हणजे दुसऱ्या प्रयत्नाला जागा राहते.

इंजिनीअरिंगला जाणाऱ्या मित्राला ६.५ पुरले म्हणून आपल्यालाही पुरतील असं धरू नका. वाणी हेच या व्यवसायाचं हत्यार आहे, त्यामुळे अपेक्षा वरच्या असतात. ब्रिटनमध्ये एचसीपीसी स्पीच थेरपिस्टकडून आयईएल्ट्समध्ये एकूण ८.० आणि कोणत्याही भागात ७.५ पेक्षा कमी नाही, एवढ्या पातळीची अपेक्षा ठेवते. म्हणून कोर्सच्या अटीही त्याच्या आसपास असतात. अमेरिकेत एकूण गुणांसोबत बोलण्याच्या भागाला वेगळी किमान मर्यादा असू शकते. ती विद्यापीठाच्या ‘ग्रॅज्युएट स्कूल’च्या पानावर नसते, स्पीच थेरपी विभागाच्या पानावर असते. दोन्ही पानं वाचा.

आपल्या मुलांचे गुण बोलण्यात जातात ते व्याकरणामुळे कमी आणि पाठ केलेल्या उत्तरांमुळे जास्त. उच्चारांबद्दल मात्र घाबरू नका. भारतीय धाटणीचं इंग्रजी म्हणजे दोष नाही. पेशंटला हवा तो ध्वनी अचूक काढून दाखवता येणं आणि त्याच्या उच्चारातला फरक अचूक ऐकू येणं, याला महत्त्व आहे. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्ही आपण ‘व’च म्हणतो, हे दोन ध्वनी स्वतःच्या कानाला वेगळे ऐकू येईपर्यंत सराव करा. परीक्षेसाठी नाही, पहिल्या सेमिस्टरच्या ध्वनिलेखनासाठी.

## टप्पा ५: अर्ज

अमेरिकेत या विषयाचे बरेचसे अर्ज सीएसडीकॅस या एकाच सामाईक पोर्टलवरून जातात, काही कॉलेजं स्वतःचाही वेगळा फॉर्म मागतात. मुदती बहुधा डिसेंबर ते फेब्रुवारीत. पोर्टलवर ‘सबमिट’ दाबणं आणि अर्ज ‘पूर्ण’ होणं यांत फरक आहे. मूल्यमापन अहवाल आणि शिफारसपत्रं पोहोचून पडताळणी व्हायला काही आठवडे जातात. मुदत १५ जानेवारी असेल तर आपली मुदत १ डिसेंबर समजा. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात अर्ज साधारण थेट विद्यापीठाकडे. ऑस्ट्रेलियाचं वर्ष फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होतं, त्यामुळे तिथे सगळं वेळापत्रक सहा महिने सरकतं.

शिफारसपत्रं. बहुधा तीन लागतात, त्यांतलं किमान एक क्लिनिकल सुपरवायझरचं असावं. पोर्टल शिक्षकांना थेट ईमेल पाठवतं. तो ईमेल स्पॅममध्ये जातो आणि सर किंवा मॅडम आठवड्यातून एकदा मेल बघतात. नोंद करण्याच्या दिवशीच फोन करून सांगा. शक्यतो कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरून पत्र जाऊ द्या. आणि आपल्याकडे सर्रास चालणारी पद्धत, म्हणजे विद्यार्थ्यानेच तिन्ही पत्रं लिहायची आणि शिक्षकांनी सही करायची, ती सोडा. तिन्ही पत्रांत एकाच वळणाचं इंग्रजी दिसतं आणि वाचणाऱ्या समितीचा तर भाषेचे नमुने ओळखणं हाच धंदा. त्याऐवजी प्रत्येकाला एक पानभर टिपणं द्या: त्यांच्या हाताखाली कोणत्या केसेस केल्या, कुठे चुकलो, पुढे काय सुधारलं.

निवेदन. ‘लहानपणापासून लोकांना मदत करायची आवड’ हे पहिलं वाक्य समितीने शेकडो वेळा वाचलेलं असतं. त्याऐवजी विचार कसा करता ते दाखवा. याचा मसाला नाशिक जिल्ह्यात पायलीभर आहे. एक नमुना घ्या:

सटाणा-मालेगाव पट्ट्यातल्या अहिराणी बोलणाऱ्या घरातलं पाच वर्षांचं मूल ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणतं. त्याच वर्गातलं दुसरं मूल ‘काका’ला ‘ताता’ आणि ‘गाडी’ला ‘दाडी’ म्हणतं. शाळेने दोघांनाही ‘बोबडं’ म्हणून पाठवलं. पहिल्या मुलाच्या घरी आजी, आई सगळेच ‘डोया’ म्हणतात. ते बोलीचं रूप आहे, उपचाराची गरज नाही. दुसरं मूल मागच्या टाळूवरचे ध्वनी सातत्याने दातांपाशी आणतंय. या वयाला ती सवय मागे पडायला हवी होती, तेव्हा तपासणी हवी. मग पुढचा प्रश्न: प्रमाण मराठीवर बेतलेली शब्दयादी पहिल्या मुलावर वापरली तर गुण चुकीचे येतील, मग तपासणी करायची कशी? घरच्यांच्या बोलण्याचा नमुना घेऊन त्याच्याशी तुलना.

एवढं दीडशे शब्दांत लिहिलं की भिन्नता आणि विकार यांतला फरक कळतो हे सांगावं लागत नाही. अमेरिकेतल्या शाळांत स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांबाबत हाच प्रश्न रोज पडतो, त्यामुळे वाचणाऱ्याला तो ओळखीचा वाटतो. अर्थात केस स्वतः पाहिलेली असावी. पेशंटचं नाव, गाव, शाळा काहीही ओळख पटेल असं लिहू नका. गोपनीयता मोडणारं निवेदन तिथेच बाजूला पडतं.

काही कॉलेजं रेकॉर्ड केलेली व्हिडिओ उत्तरंही मागतात. प्रश्न पडद्यावर येतो, अर्धं-एक मिनिट विचाराला, मग रेकॉर्डिंग सुरू. कागदावर लिहून वाचू नका. डोळे डावीकडून उजवीकडे फिरताना दिसतात.

> तपासून घ्या: प्रत्येक निवेदनातलं विद्यापीठाचं नाव. एकाचं नाव दुसऱ्याच्या अर्जात गेल्याची उदाहरणं दरवर्षी असतात.

## टप्पा ६: पैसे

निकाल येईपर्यंत थांबू नका. बँकेची पूर्वतयारी अर्जाबरोबरच सुरू करा.

तारण. निफाड-दिंडोरीकडच्या घरांत हमखास होणारी गफलत: ‘पाच एकर द्राक्षबाग आहे, कर्जाची काय चिंता!’ शेतजमिनीवर बँका शैक्षणिक कर्ज सहसा देत नाहीत. थकबाकी वसुलीचा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, म्हणून बँकेच्या दृष्टीने ते तारण कच्चं. चालतं ते बिगरशेती प्लॉट, फ्लॅट, घर किंवा मुदत ठेव. एनए आदेश, खरेदीखत, इंडेक्स-२, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, घरपट्टीची पावती आणि सामाईक मालकी असेल तर सगळ्या भावांची संमती. ही शेवटची ओळ सर्वांत वेळखाऊ; दिवाळीला सगळे घरी असतात तेव्हाच सह्या उरकून घ्या.

उत्पन्नाचा पुरावा. शेती उत्पन्नावर आयकर नाही म्हणून विवरणपत्रच भरलेलं नसतं, आणि मग व्हिसाच्या वेळी दाखवायला काही उरत नाही. दोन-तीन वर्षं आधीपासून शेती उत्पन्न दाखवून विवरणपत्र भरा. बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या, व्यापाऱ्यांकडून बँकेत आलेल्या रकमा आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडा. व्हिसाच्या आठवडाभर आधी नातेवाइकांकडून खात्यात आलेली मोठी रक्कम कामाला येत नाही, उलट संशय वाढवते.

ब्रिटनसाठी रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते आणि अर्जाच्या वेळी स्टेटमेंट ३१ दिवसांपेक्षा जुनं चालत नाही. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. खातं विद्यार्थ्याचं किंवा आईवडिलांचं. काका-मामांच्या खात्यातली रक्कम इथे धरत नाहीत, घर कितीही एकत्र असलं तरी.

शिष्यवृत्ती. अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, मराठा समाजासाठी ‘सारथी’मार्फत महाराजा सयाजीराव गायकवाड शिष्यवृत्ती, तशाच इतर मागास आणि भटक्या-विमुक्त वर्गांसाठी राज्याच्या योजना आहेत. गोम अशी की सरकारी योजनांत क्यूएस जागतिक क्रमवारीची अट असते, आणि अमेरिकेतली स्पीच थेरपीची बरीच चांगली मास्टर्स त्या क्रमवारीत वर न दिसणाऱ्या राज्य विद्यापीठांत आहेत. शिष्यवृत्तीवरच भिस्त असेल तर विद्यापीठांची यादी ठरवतानाच, म्हणजे टप्पा १ मध्ये, जाहिरातीतली अट समोर ठेवा. शिवाय प्रवेशपत्र विनाअट असावं लागतं. ‘आयईएल्ट्स आल्यावर पक्कं’ अशा सशर्त पत्रावर अर्ज अडतो. जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्जरूपी शिष्यवृत्ती जातीशी निगडित नाही. तिचे अर्ज वर्षाच्या सुरुवातीला निघतात, तेव्हा बहुतेकांचं लक्ष भलतीकडेच असतं.

## टप्पा ७: व्हिसा

अमेरिकेसाठी क्रम: प्रवेश स्वीकारा, आर्थिक कागद देऊन आय-२० मिळवा, सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदप्रणालीची ३५० डॉलरची फी भरा, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरा, मग अपॉइंटमेंट. सेव्हिसच्या पावतीवर, डीएस-१६० मध्ये आणि आय-२० वर नाव-जन्मतारीख एकच आहे ना, पाहा. समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं. बोटांचे ठसे आणि मुलाखत अशा दोन वेगळ्या भेटी मुंबईत. सकाळची वेळ असेल तर पंचवटी एक्स्प्रेसच्या भरवशावर राहू नका. जून-जुलैत कसारा घाटात काय होतं ते नाशिककरांना सांगायला नको. आदल्या दिवशी जा.

मुलाखतीत ‘हा विषय का’ याचं उत्तर दोन वाक्यांत, पाठ न केलेलं. विषय अनोळखी असल्यामुळे अधिकारी ‘स्पीच थेरपिस्ट करतो काय?’ असंही विचारू शकतात. पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या रुग्णाला पुन्हा बोलतं करणं, गिळताना ठसका लागणाऱ्याची तपासणी, तोतरेपणा, असं ठोस सांगा.

## टप्पा ८: क्लिनिकचे कागद, निघण्याआधी सहा महिने

हा टप्पा बहुतेक मार्गदर्शनांत नसतो आणि पहिलं प्लेसमेंट चुकतं ते यामुळेच.

* हिपॅटायटिस बी: तीन डोस, ०, १ आणि ६ महिने. मेमध्ये जाग आली तर ऑगस्टपर्यंत पूर्ण होणं शक्य नाही. फेब्रुवारीआधी पहिला डोस घ्या.
* गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या: लहानपणीचं लसीकरण कार्ड हरवलेलं असतं. प्रयोगशाळेतून अँटिबॉडी तपासून घ्या, कमी असतील तर डोस. ‘मला कांजिण्या येऊन गेल्या’ हे तोंडी चालत नाही.
* क्षयरोग: बीसीजी टोचलेल्यांची त्वचेवरची मॅन्टू चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्स-रे आणि खुलासे. शक्य असेल तिथे रक्तातली इग्रा चाचणी करा. बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही.
* पोलीस पडताळणी प्रमाणपत्र: पासपोर्ट सेवा केंद्रातून. लहान मुलांबरोबर काम असल्यामुळे हे मागतात. जुनं झालेलं चालत नाही, म्हणून निघण्याच्या दोन-तीन महिने आधी काढा.
* वाहन: अमेरिकेत प्लेसमेंट शहराच्या दोन टोकांना असू शकतात. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो, तो एक वर्ष चालतो. पण नुसता परवाना नको. गंगापूर रोडवर स्कूटी चालवणं म्हणजे गाडी चालवता येणं नव्हे. चारचाकी आधी हातात बसवा.

सगळी प्रमाणपत्रं इंग्रजीत, तारखेसह, डॉक्टरांच्या सही-शिक्क्याची आणि पासपोर्टवरच्या नावाने.

## टप्पा ९: तिथे गेल्यावर, अमेरिकेचा आठवड्यांचा हिशोब

एफ-१ वर कोर्स सुरू होण्याच्या ३० दिवसांआधी देशात शिरता येत नाही. पोहोचल्यावर पहिल्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात प्लेसमेंटबद्दल बोला. कॅम्पसबाहेरच्या प्रशिक्षणाला सीपीटी ही परवानगी लागू शकते. पूर्णवेळ सीपीटी बारा महिने झाली तर पदवीनंतर काम करण्याची परवानगी, म्हणजे ओपीटी, हातची जाते.

ओपीटी फक्त १२ महिन्यांची. संगणकवाल्यांना मिळणारी वाढीव मुदत या विषयाला नाही. या बारा महिन्यांत सीसीसी-एसएलपीसाठी लागणारी क्लिनिकल फेलोशिप (देखरेखीखालचं काम) बसवायची आहे: किमान ३६ आठवडे आणि १२६० तास. वर्षाच्या ५२ आठवड्यांतून ३६ गेले की हातात १६ उरतात. त्यांतच नोकरी शोधणं, राज्याचा तात्पुरता परवाना आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक. नोकरीविना ९० पेक्षा जास्त दिवस राहता येत नाही, ते वेगळंच. म्हणून प्रमाणपत्रासाठी लागणारी प्रॅक्सिसची ५३३१ क्रमांकाची परीक्षा शेवटच्या सेमिस्टरमध्येच द्या, उत्तीर्ण व्हायला १६२ गुण लागतात. ओपीटीचा अर्ज कोर्स संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो. पहिल्याच आठवड्यात करा. फेलोशिप अर्धवेळ घेतली तर आठवडे वाढतात आणि बारा महिन्यांत मावत नाही.

पुढे एच-१बी (नोकरीचा व्हिसा) किंवा ग्रीन कार्डसाठी स्पीच थेरपिस्टला आरोग्यसेवकांचं वेगळं प्रमाणपत्र लागतं, ‘व्हिसास्क्रीन’. अमेरिकेतच शिकलं तरी ते चुकत नाही. नोकरी देणाऱ्या शाळेच्या मनुष्यबळ विभागालाही हे माहीत नसतं, तेव्हा आपणच आठवण करा.

## टप्पा १०: परत यायचं असेल तर

भारतात आरसीआयच्या नोंदवहीत नाव नसताना प्रॅक्टिस करणं १९९२ च्या कायद्याने गुन्हा आहे. बीएएसएलपी करून गेलेल्यांनी आपली आरसीआय नोंदणी परदेशात असतानाही नूतनीकरण करून चालू ठेवावी. ती संपू दिली तर परतल्यावर दवाखान्याची पाटी लावण्याआधी कार्यालयाच्या खेपा सुरू होतात. दुसऱ्या शाखेतून थेट परदेशी मास्टर्स केलेल्यांनी मात्र इथली नोंदणी आपोआप होईल असं धरू नये. जाण्याआधीच कौन्सिलला कोर्सचं नाव, कालावधी आणि मान्यता कळवून लेखी विचारणा करा. परतताना पदवी आणि ट्रान्सक्रिप्टबरोबर कोर्सचा सविस्तर सिलॅबस आणि विभागाच्या शिक्क्याचा क्लिनिकल तासांचा तक्ताही घेऊन या. नाशिकला बसून तिकडच्या विभागाकडून तो नंतर मागवायचा म्हणजे, ज्यांनी सही केली ते मध्यंतरी निवृत्त झालेले असतात.